ड्रॉइंगवर टॉलरन्स न लिहिलेली मापं कशी वाचायची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

ड्रॉइंग हातात येतं, त्यात ६५ असं नुसतं माप लिहिलेलं असतं, पुढे प्लस-मायनस काही नाही, म्हणजे टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ती सूट) दिलेला नाही, आणि मग दोन प्रकारची माणसं दोन प्रकारच्या चुका करतात. एक जण म्हणतो टॉलरन्स नाही म्हणजे माप महत्त्वाचं नाही, साधारण आलं की झालं. दुसरा घाबरून ६५.०० वरच आणायला बघतो आणि दहा मिनिटाच्या कामाला तास घालवतो. दोन्ही चूकच. मशीनवर कुठलंच माप अगदी बरोब्बर निघत नाही, त्यामुळे प्रत्येक मापाला टॉलरन्स असतोच, फक्त तो मापाशेजारी न लिहिता दुसरीकडे कुठेतरी लिहिलेला असतो. तो कुठे आहे ते शोधणं हेच खरं काम, आणि सापडला नाही तर चिप पाडायच्या आधी विचारणं. मी जसं करतो तसं क्रमाने सांगतो.

पहिलं काम: मापं बघूच नका, आधी कडेचं सगळं वाचा

सवय अशी असते की डोळे थेट व्ह्यूवर जातात. तसं करू नका. आधी टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट), मग नोट्स, मग रिव्हिजनचा तक्ता. टायटल ब्लॉकमधे बहुतेक वेळा एक छोटी ओळ असते, 'वेगळं नमूद केलं नसेल तर' अशा अर्थाची, आणि तुम्हाला हवं ते सगळं त्या ओळीत असतं. तिथे साधारण तीनपैकी एक प्रकार सापडतो: एकतर स्टँडर्डचं नाव, उदाहरणार्थ आयएसओ २७६८-एमके, किंवा दशांश स्थळांप्रमाणे टॉलरन्सचा छोटा तक्ता, किंवा सगळ्यांना मिळून एकच आकडा, म्हणजे सगळी मापं ±०.२ असं काहीतरी. चौथा प्रकार म्हणजे काहीच नसणं, त्याच्यावर खाली वेगळं बोलू कारण खरी डोकेदुखी तिथेच आहे.

त्याच वेळी युनिट बघून घ्या, मिलिमीटर का इंच. अमेरिकन पद्धतीच्या इंचाच्या ड्रॉइंगवर एकापेक्षा लहान मापाच्या आधी शून्य लिहीत नाहीत, नुसतं टिंब आणि ५००, आणि फिकट प्रिंटवर ते टिंब दिसलं नाही की गोंधळ ठरलेला. युरोपातल्या ड्रॉइंगवर दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो. आणि प्रोजेक्शनचं चिन्ह बघा (कुठला व्ह्यू कुठल्या बाजूचा ते त्यावरून कळतं), त्याचा टॉलरन्सशी संबंध नाही पण ते चुकलं तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

दुसरं: ज्या मापांना जनरल टॉलरन्स लागतच नाही ती बाजूला काढा

जनरल टॉलरन्स म्हणजे टायटल ब्लॉकमधला, सगळ्या मापांना मिळून दिलेला टॉलरन्स. ही पायरी लोक सोडतात. प्लस-मायनस नसलेलं प्रत्येक माप एकाच जातीचं नसतं. पेन्सिल घेऊन प्रिंटवर खुणा करा.

चौकटीत लिहिलेलं माप म्हणजे बेसिक माप, थिअरेटिकली एक्झॅक्ट. त्याला स्वतःचा टॉलरन्स नसतो, त्या भोकाचा किंवा पृष्ठभागाचा टॉलरन्स पोझिशन (जागा) किंवा प्रोफाइल (आकार) यांच्या वेगळ्या चौकटीत, म्हणजे फ्रेममधे दिलेला असतो. चौकटीतल्या ४० ला तक्त्यातून ±०.३ लावला की तुम्ही डिझायनरचा सगळा हिशोब मोडला.

कंसात लिहिलेलं माप फक्त माहितीसाठी. त्यावर पार्ट पास किंवा फेल करायचा नाही. इन्स्पेक्शन रिपोर्टमधे ते माप टाकून लाल शेरा मारणारे बघितलेत मी, ते चूक आहे.

मॅक्स किंवा मिन लिहिलं असेल तर एका बाजूची हद्द दिलेली आहे, दुसरी बाजू डिझाइनमधूनच ठरते. शीटची जाडी किंवा बारचा मूळ डायामीटर जर मटेरियल म्हणून दिला असेल आणि तिथे मशीनिंग नसेल तर टॉलरन्स त्या मटेरियलच्या स्टँडर्डमधून येतो, तुमच्या टायटल ब्लॉकमधून नाही. २०एच७ असं लिहिलं असेल तर टॉलरन्स दिलेलाच आहे, फक्त कोडमधे, शून्य ते +०.०२१. थ्रेडचंही तसंच, नुसतं एम१० लिहिलं तरी आयएसओ ९६५ प्रमाणे नटच्या बाजूला ६एच आणि बोल्टच्या बाजूला ६जी हा टॉलरन्सचा क्लास धरायचा, एम१.६ पासून पुढच्या मापांना हा नियम चालतो.

आणि मापाखाली रेघ असेल तर त्याचा अर्थ ते माप स्केलला धरून काढलेलं नाही. यावरून आठवलं, प्रिंटवर पट्टी ठेवून माप काढायचं नाही म्हणजे नाही. पीडीएफ प्रिंट करताना स्केल बदलतो, कागद ताणतो.

हे सगळं बाजूला काढल्यावर जी उरतील ती खरी बिनटॉलरन्सची मापं, आणि जनरल टॉलरन्स फक्त त्यांनाच.

तिसरं: आयएसओ २७६८ चा तक्ता नीट लावणं

आयएसओ २७६८ चा पहिला भाग १९८९ चा आहे आणि जगभर सगळ्यात जास्त दिसणारा हाच. त्यात चार क्लास आहेत: एफ म्हणजे फाइन, एम म्हणजे मीडियम, सी म्हणजे कोर्स, व्ही म्हणजे व्हेरी कोर्स. मशीनिंगच्या कामात एम सगळ्यात जास्त भेटतो, त्याचे आकडे पाठ करून टाका:

०.५ ते ६ पर्यंत ±०.१
६ च्या पुढे ३० पर्यंत ±०.२
३० च्या पुढे १२० पर्यंत ±०.३
१२० च्या पुढे ४०० पर्यंत ±०.५
४०० च्या पुढे १००० पर्यंत ±०.८
१००० च्या पुढे २००० पर्यंत ±१.२
२००० च्या पुढे ४००० पर्यंत ±२

एफ क्लास साधारण याच्या निम्म्यावर येतो, म्हणजे ६ ते ३० ला ±०.१ आणि ३० ते १२० ला ±०.१५. सी मधे तीच दोन मापं ±०.५ आणि ±०.८ होतात.

इथे दोन बारीक गोष्टी आहेत ज्या नवीन माणूस हमखास चुकवतो. एक, हद्दीवरचं माप खालच्या गटात जातं, म्हणजे ३० ला ±०.२ आणि ३०.५ ला ±०.३. दोन, ०.५ पेक्षा लहान मापाला हा तक्ता लागूच होत नाही, तिथे टॉलरन्स मापाशेजारीच लिहायला हवा, नसेल तर विचारा.

म्हणजे सुरुवातीचं ते ६५, एम क्लासमधे ६४.७ ते ६५.३. बनवताना मात्र ६५.० चं टार्गेट ठेवा. मोकळी जागा आहे म्हणून ६५.२५ वर सोडून देऊ नका, टूल झिजतं, जॉब गरम असतो, मोजायच्या साधनाची स्वतःची चूक असते, आणि हे सगळं मिळून तुम्हाला हद्दीबाहेर ढकलायला ०.०५ पुरतं.

बाहेरचा रेडियस (कडेची गोलाई) आणि चॅम्फर (कडेचा तिरका काप) यांचा तक्ता वेगळा आहे. तिथे एफ आणि एम सारखेच: ३ पर्यंत ±०.२, ३ ते ६ ला ±०.५, आणि ६ च्या पुढे ±१. त्यामुळे १ बाय ४५ चा चॅम्फर ०.८ आला किंवा १.२ आला, दोन्ही बरोबर.

अँगल

अँगलचा टॉलरन्स अँगलच्या आकड्यावर नाही तर त्या कोनाच्या लहान बाजूच्या लांबीवर ठरतो, हे कित्येक अनुभवी लोकांनाही माहीत नसतं. एफ आणि एम साठी लहान बाजू १० मिमी पर्यंत असेल तर ±१ डिग्री, ५० पर्यंत ±३० मिनिटं, १२० पर्यंत ±२० मिनिटं, ४०० पर्यंत ±१० मिनिटं, त्याच्या पुढे ±५ मिनिटं. बाजू लांब तसा अँगल कडक, कारण टोकाला किती सरकणार ते महत्त्वाचं. हिशोब करून बघा, २५ मिमीच्या बाजूवर अर्धा डिग्री म्हणजे टोकाला ०.२२ मिमी, आणि ३०० मिमीच्या बाजूवर दहाच मिनिटं म्हणजे टोकाला ०.८७ मिमी. म्हणजे आकडा लहान दिसला तरी टोकाला सरकणं जास्तच. लांब ब्रॅकेट असेल तर हा हिशोब आधी करा, समोर काय बसणार आहे ते बघा.

आणि काटकोन? तो कुणी लिहीतच नाही, रेषा काटकोनात काढल्या की ९० डिग्री धरायचे असतात. पण न लिहिलेल्या ९० लाही टॉलरन्स आहेच. अमेरिकन पद्धतीत टायटल ब्लॉकमधला अँगलचा टॉलरन्स त्याला लागतो, आयएसओमधे २७६८ च्या दुसऱ्या भागाचा (तो खाली येतो) उल्लेख असेल तर परपेंडिक्युलॅरिटीचा, म्हणजे काटकोनीपणाचा तक्ता लागतो, नसेल तर वरचा अँगलचा तक्ता.

दशांश स्थळांची पद्धत आणि तिचा सापळा

अमेरिकन ड्रॉइंगवर, खास करून इंचात, टायटल ब्लॉकमधे असं असतं की एक दशांश स्थळ असेल तर इतका, दोन असतील तर इतका, तीन असतील तर इतका. हे आकडे कंपनीनुसार बदलतात, एएसएमई वाय१४.५ या अमेरिकन स्टँडर्डमधे त्यांचा ठरलेला तक्ता नाही. त्यामुळे मागच्या कस्टमरचे आकडे डोक्यात ठेवून नवीन ड्रॉइंग वाचू नका.

या पद्धतीत १.५० आणि १.५०० ही दोन वेगळी मापं आहेत. आयएसओ २७६८ मधे मात्र २५ आणि २५.०० यात काडीचाही फरक नाही, दोन्हीला एम मधे ±०.२ च. लोक २५.०० बघून समजतात की इथे जास्त अ‍ॅक्युरसी हवीय, पण बऱ्याचदा ते फक्त कॅडच्या प्रिसिजन सेटिंगमुळे आलेले शून्य असतात. उलटही होतं, कॅडने शेवटचे शून्य उडवले आणि दशांश पद्धतीच्या ड्रॉइंगवर कडक माप ढिलं झालं. ड्रॉइंगवर दशांश तक्ता आहे आणि कुठल्याच मापाच्या शेवटी शून्य दिसत नाही, तर शंका घ्या. इंचातून मिलिमीटरमधे बदललेल्या ड्रॉइंगवर तर हे हमखास होतं, अर्धा इंच १२.७ होतो आणि स्थळं एकवर येतात, मग मूळचा टॉलरन्स कुठला हे मूळ ड्रॉइंग बघितल्याशिवाय कळत नाही.

साखळीतली मापं, यावर जरा जास्त वेळ घेतो

मी सुरुवातीच्या काळात एक पट्टी केली होती, पाच भोकं, मधे चार अंतरं, प्रत्येक २५, एकापुढे एक साखळीत दिलेली, क्लास एम. मी प्रत्येक अंतर मोजलं, सगळी ±०.२ च्या आत, पण सगळी एकाच बाजूला झुकलेली, साधारण ०.१५ ने जास्त. पहिल्या भोकापासून शेवटचं भोक १००.६ वर गेलं आणि पट्टी समोरच्या पार्टवर बसलीच नाही. ड्रॉइंगप्रमाणे मी बरोबर होतो, तरी वीस पट्ट्या वाया गेल्या आणि त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण एक प्रश्न विचारला असता तर वाचलं असतं सगळं.

हिशोब असा आहे: चार वेळा ±०.२ म्हणजे एकूण ±०.८. तेच १०० एकाच मापाने पहिल्या भोकापासून दिलं असतं तर तक्त्याप्रमाणे ±०.३. म्हणजे माप कसं दिलंय यावरून टॉलरन्स बदलतो, पार्ट तोच असला तरी.

याचीच दुसरी बाजू म्हणजे न दिलेलं माप वजाबाकीने काढणं. एकूण लांबी १००, एक स्टेप ४०, दुसरी ३५, उरलेली २५ दिलेली नाही. आकडा २५ बरोबर आहे पण त्याचा टॉलरन्स ±०.२ नाही. तिन्ही मापं ३० ते १२० च्या गटातली, प्रत्येकी ±०.३, म्हणून उरलेली बाजू ±०.९ पर्यंत जाऊ शकते. त्या २५ ला इन्स्पेक्शनमधे ±०.२ लावून रिजेक्ट करायचा अधिकार कुणाला नाही, आणि तुमची असेंब्ली त्या २५ वर अवलंबून असेल तर ड्रॉइंग बदलून घ्यायला हवं.

म्हणून साखळी दिसली की मी दोन गोष्टी करतो: प्रोग्रॅम करताना सगळी मापं एकाच झिरोवरून घेतो म्हणजे चुका साठत नाहीत, आणि ज्या टोकाच्या मापावर दुसरा पार्ट बसणार असेल ते आधी विचारून घेतो.

आकार आणि सरळपणा: दुसरं अक्षर

२७६८-एमके मधलं एम हे मापांसाठी आणि के हे जॉमेट्रीसाठी, ते २७६८ च्या दुसऱ्या भागातून येतं. एच, के, एल असे तीन क्लास, एच सगळ्यात कडक. के मधे सरळपणा आणि सपाटपणा १० मिमी पर्यंत ०.०५, ३० पर्यंत ०.१, १०० पर्यंत ०.२, ३०० पर्यंत ०.४. परपेंडिक्युलॅरिटी १०० पर्यंत ०.४ आणि ३०० पर्यंत ०.६. रनआउट (जॉब फिरवताना दिसणारा डोल) ०.२.

आता महत्त्वाचं, हा दुसरा भाग २०२१ मधे मागे घेतला गेला आणि त्याच्या जागी आयएसओ २२०८१ आलं. नवीन स्टँडर्डमधे असा तयार तक्ता नाही, डिझायनरने जनरल प्रोफाइल टॉलरन्स आणि डेटम (कुठून मोजायचं ती पायाची जागा) स्वतः लिहायचे असतात. पण जुनी ड्रॉइंग्ज जिवंत आहेत, आणि त्यांच्यावर एमके लिहिलंय तर जुन्या तक्त्याप्रमाणेच वाचायचं. पहिला भाग, म्हणजे वरचा मापांचा तक्ता, तेव्हा मागे घेतला नव्हता. नोट फक्त २७६८-एम असेल, दुसरं अक्षर नसेल, तर एच-के-एल चा तक्ता लागत नाही, आपल्या मनाने के जोडू नका.

आयएसओ आणि एएसएमई यात इथे मूळ फरक आहे. समजा २० डायामीटरची २०० लांब पिन, २७६८-एमके, म्हणजे जास्तीत जास्त २०.२. एएसएमईच्या पहिल्या नियमाप्रमाणे ती पिन २०.२ च्या सरळ रिंगमधून पूर्ण गेली पाहिजे, वाकडेपणा त्यातच धरायचा. आयएसओ ८०१५ प्रमाणे माप आणि आकार स्वतंत्र, त्यामुळे सगळीकडे २०.२ भरणारी पिन वर के प्रमाणे ०.४ वाकलेली असू शकते आणि साधारण २०.६ च्या भोकातूनच जाईल. मायक्रोमीटर दोन्ही वेळा पासच दाखवेल. म्हणून ड्रॉइंग कुठल्या पद्धतीचं आहे ते टायटल ब्लॉकमधे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भोकांच्या पोझिशनला, कोअ‍ॅक्सिअ‍ॅलिटीला (दोन गोल भागांचे अक्ष एका रेषेत असणं) दुसऱ्या भागात जनरल टॉलरन्स कधी नव्हताच. मग भोकाच्या सेंटरचं साधं माप पहिल्या तक्त्याने वाचायचं, आणि कुठल्या कडेपासून मोजायचं हे नीट दिलं नसेल तर ते विचारायचं, कारण कड तिरकी असेल तर दोन माणसांना दोन उत्तरं येतात.

मशीनिंग नसेल तर

वेल्डेड फ्रेमला २७६८-एम लावून कुणाचं भलं होत नाही. वेल्डिंगसाठी आयएसओ १३९२० आहे, त्यात बी क्लासमधे ८०० मिमीला ±३ मिळतात, २७६८-एम मधे तेच ±०.८. कास्टिंगला आयएसओ ८०६२-३, प्लास्टिक मोल्डिंगला आयएसओ २०४५७, लेझर आणि गॅस कटिंगला आयएसओ ९०१३. एकाच पार्टवर कास्ट आणि मशीन केलेले दोन्ही पृष्ठभाग असतील तर नोटमधे दोन स्टँडर्ड दिसायला हवेत. एकच दिसत असेल तर कोटेशन देण्याआधी विचारा.

काहीच लिहिलेलं नसेल तर

टायटल ब्लॉक रिकामा, नोट नाही, स्टँडर्ड नाही. बरेच जण म्हणतात एम धरून टाका. मला हे पटत नाही, गुपचूप धरायला तर अजिबात नाही. कॉन्ट्रॅक्टमधे, पर्चेस ऑर्डरमधे किंवा कस्टमरच्या क्वालिटी डॉक्युमेंटमधे जनरल टॉलरन्स दिलेला असतो कधी कधी, ते आधी शोधा. असेंब्ली ड्रॉइंग मागा. थ्रीडी मॉडेल असेल तर त्याच्यासोबतची नोट बघा, पुष्कळदा तिथे सगळ्या पृष्ठभागांना एक प्रोफाइल टॉलरन्स दिलेला असतो.

तरी नाही मिळालं तर पार्टचं काम काय हे समजून घ्या: कुठला पृष्ठभाग दुसऱ्या पार्टला टेकतो, कुठे बेअरिंग बसणार, कुठे फक्त हवा आहे. बेअरिंगची जागा नुसती २५ लिहिलेली दिसली तर तो बहुतेक विसरलेला टॉलरन्स आहे, कारण एम चे ±०.२ तिथे कधीच चालणार नाहीत.

मग प्रश्न पाठवा, पण नुसतं 'टॉलरन्स कळवा' असं नको, त्याला उत्तर यायला आठवडा लागतो. असं लिहा: ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन, यावर जनरल टॉलरन्स दिलेला नाही, आम्ही आयएसओ २७६८-एम धरतोय, २५ च्या बेअरिंगच्या जागेचा फिट (किती घट्ट-सैल बसवायचं) कृपया कळवा, उत्तर लेखी द्या. याला लगेच हो किंवा नाही येतं. फोनवर सांगितलं तरी मेलवर परत लिहून घ्या, आणि कोटेशनमधेही तीच ओळ टाका.

मोजताना आणि रिपोर्ट लिहिताना

±०.२ च्या मापाला ०.०२ लीस्ट काउंटचा (म्हणजे ०.०२ पर्यंत वाचता येणारा) वर्नियर ठीक आहे, ±०.०५ आलं की मायक्रोमीटर घ्या. मापं २० डिग्री सेल्सियसला धरलेली असतात, हे आयएसओ १ मधे आहे. १००० मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब दहा डिग्री गरम असताना मोजला तर साधारण ०.२३ जास्त दाखवेल, म्हणजे एम क्लासच्या ±०.८ मधला पावापेक्षा जास्त हिस्सा नुसत्या गरमीने गेला. कोटिंग असेल तर मापं कोटिंगच्या आधीची का नंतरची हे नोटमधे बघा.

रिपोर्टमधे प्रत्येक बिनटॉलरन्सच्या मापासमोर कुठून टॉलरन्स घेतला ते लिहा, म्हणजे '६५, २७६८-एम, ६४.७ ते ६५.३, आलेलं ६५.०८'. आणि एखादं माप हद्दीबाहेर गेलं तर लगेच भंगारात टाकू नका. आयएसओ २७६८ च्या पहिल्या भागातच म्हटलंय की वेगळं नमूद नसेल तर जनरल टॉलरन्सच्या बाहेर गेलेला जॉब आपोआप रिजेक्ट होत नाही, त्याच्या कामाला बाधा येत नसेल तर. पण बाधा येते का नाही हे मशीनवाल्याने किंवा क्यूसीने एकट्याने ठरवायचं नाही, आलेलं माप जसंच्या तसं लिहून डिझायनरकडे पाठवायचं आणि लेखी होकार येईपर्यंत तो जॉब वेगळा, टॅग लावून ठेवायचा.